चाल : पारंपरिक

येलोबा मास्तर भजनाला जमलेली माणसं कधी मोजत नसत, आणि माणसं पुरी झाल्याशिवाय पेटीला हातही लावत नसत.

सेनगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे, तिथं दर गुरुवारी संध्याकाळी भजन असे. मंडळी टेकली की मास्तर एकेकाच्या तोंडाकडे बघत आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत. एका तोंडाला एक शब्द. शब्द संपायच्या आत माणसं संपली, की हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहत. मग कुणीतरी चरफडत उठे आणि समोरच्या हॉटेलातून एखाद्याला ओढून आणी. तो बापडा भज्यांचा कागद हातात घेऊन येऊन बसला, की पेटीचा भाता सुटे. लोक म्हणत, मास्तरांना मंत्र येतो, दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात. मी लहानपणी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाले, "माणसं काय आंबे हायत गो बाय, एक-दोन-तीन करून टोपलीत टाकायला?" माझ्या तोंडावरून त्यांची नजर नुसती पुढं सरकायची, मला शब्दच मिळायचा नाही. याचा मला भयंकर राग यायचा.

त्यांचं खरं नाव एलिया शमुवेल वावेकर. अलिबागकडचे. धर्मानं यहुदी. त्यांच्यातले लोक स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात आणि घरात तुमच्याआमच्यासारखंच मराठी बोलतात, कोकणातलं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि सेनगावाला कळून घ्यायची कधी गरजच वाटली नाही. खंडोबा, म्हसोबा, तसा येलोबा. बसलं नाव. परगावच्या कुणी विचारलंच, की मास्तर कोणत्या समाजाचे, तर आमचे लोक बिनदिक्कत सांगत, "कोकणी हायेत." जणू कोकण ही एक जातच!

शुक्रवारी दिवस मावळला की मास्तर पेटीवर धुतलेलं धोतर टाकत, खोलीत एका काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल आणि त्यात वात असा दिवा लावत आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काहीही काम करत नसत. शनिवार म्हणजे मारुतीचा वार. गावानं ठरवून टाकलं, मास्तर मारुतीचे कडक भक्त. शनिवारी सकाळी आयाबाया त्यांच्या दारात रुईच्या पानांची माळ आणि तेलाची वाटी ठेवून जात, "आमच्या वाटचं वाहा" म्हणून. मास्तर डोक्याला हात लावत. "आमचे वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनवारी बंद ठेवायचे, म्हणून कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत. तिथं शनवारी तेलाला शिवलो नाय, आणि इथं शनवारीच दारात तेल!" रविवारी सकाळी ते सगळं तेल देवळात नेऊन द्यायचे. मारुतीला तेल पोचल्याशी मतलब.

ते इकडं आले एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर, पेटीवाले म्हणून. त्याच वर्षी त्यांच्या घरच्यांचं इस्राएलला जायचं ठरलं होतं. आई, वडील आणि धाकटी बहीण रिबका. मास्तरांचेही कागद तयार होते. पण कंपनीच्या मालकानं पहिल्यांदाच एका नव्या नाटकाच्या चाली बांधायचं काम त्यांना दिलं आणि हे हुरळले. निरोप द्यायला गेले तेव्हा आईला म्हणाले, "तू हो पुढं, मी पुढच्या खेपेला येतो." नाटक आपटलं. एके दिवशी मालक सेनगावातूनच पसार झाला. मागं उरलं काय, तर एक रंगवलेला पडदा, एक पेटी आणि मास्तर.

"काय तोंड दाखवू आईला? चार चालींपायी सोडली गो तिला मी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आज जाईन, उद्या जाईन करत राहिलो, आणि तिकडं आईच गेली."

माझ्या वडिलांनी त्यांना आमच्या घरामागची खोली दिली आणि शाळेत गाण्याचे मास्तर म्हणून चिकटवलं. तेव्हापासून ते आमचेच. माझी आई ताट वाढून हाक मारायची, आणि आतून उत्तर यायचं, "आलो गो वहिनी, हात धुवून राहिलोय." ते "गो" समुद्राचं, आणि ते "धुवून राहिलोय" आमच्या सेनगावचं. एका वाक्यात दोन मुलुख. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो आणि त्यांना ती आवडायची.

माणूस मुळातच चाली बांधायला जन्मलेला. आमच्या भागात हळदीला बाया जे गाणं म्हणतात त्याची चाल मास्तरांची. बारशाचा पाळणा मास्तरांचा. काकड्याची एक चाल तर पार कळमनुरी, डोंगरकड्यापर्यंत गेली, आणि सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणारी माणसंही जाळं ओढताना तिचा ठेका धरतात. पण चाल कुणाची हे कोण विचारतं? भाकरी खाताना पीठ कुणी दळलं हे आपण विचारतो का? वरातीत बँडवाले त्यांची चाल वाजवत निघाले की मास्तर दारात उभे राहून ऐकत आणि कळवळत. "दुसऱ्या ओळीला कोमल निषाद होता गो! खाल्ला मेल्यांनी. गुळासारखा खाल्ला."

त्या सगळ्या चालींत एक फार वेगळी होती. भजन साधंच, शब्द आमच्या किसनदादाचे. किसनदादा म्हणजे मंडळातला पखवाजवाला, मेंढरं राखणारा माणूस, अंगठेबहाद्दर, पण शब्दाला शब्द जोडायला पक्का. "दार ठेवा उघडं बाई, येणारा तो येईल गं; दिव्यामंदी तेल घाला, वाट त्याला दिसेल गं." पहिली ओळ जमिनीवरून चालते, दुसरी एकदम वर जाते आणि वरच थांबते, उतरायचं विसरल्यासारखी. दर गुरुवारी शेवटचं भजन तेच. ते संपलं की मास्तर पेटीवर डोकं टेकवून जरा वेळ बसत, आणि आम्ही आपलं समजायचो, दमले असतील.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच गावचं एक पोरगं, आता पुण्याला असतं. त्यानं हे भजन कीबोर्ड, ड्रम, काय काय लावून गायलं आणि मोबाईलवर टाकलं. हां हां म्हणता ते सगळीकडं झालं. माझ्याकडंही आलं. ऐकून आधी अंगावर काटा आला, आणि मग खालची ओळ वाचून अंगाचा तिळपापड झाला. "गीत : पारंपरिक. चाल : पारंपरिक." मी शाळामास्तरीण, चूक दिसली की लाल पेन शोधणारी. तशीच मोबाईल घेऊन देवळात गेले आणि मंडळापुढं आदळआपट केली.

"काहून वो बाई, येवढ्या काहून तापून राहिल्या?" किसनदादा म्हणाला. "पारंपरिक म्हंजी काय?"

"म्हणजे कुणाचंच नाही. बनवणारे मेले, नावं बुडाली, आता कुणीही उचला!"

"आन् आमी तर हितं बसलो!" किसनदादानं स्वतःची छाती चाचपून बघितली. "मास्तर, तुमी हायेत न्हवं?"

मास्तर हसले. "जिवंतपणीच पारंपरिक झालो रे किसना. भाग्य लागतं." मग मला म्हणाले, "तुझ्या किसनदादाचं नाव घालायला सांग त्याला. चालीचं बराबर लिवलंय पोरानं. ती माझी नायच."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण त्या संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावून सगळं सांगितलं. त्यांच्यात नवस फेडताना, शुभकार्याला, पोह्यांचा मलिदा करतात, त्यात गूळ-खोबरं, वर फळं. एलिया नबीच्या, म्हणजे त्यांच्या एका जुन्या प्रेषिताच्या, नावानं ताट भरतात, आणि ते भरताना आई एक प्रार्थना म्हणायची. मास्तर त्याच नबीच्या नावाचे, त्यामुळे तिला वाटायचं, आपण पोरालाच हाक मारतोय. आई गेल्याची बातमी आली तेव्हा हे सेनगावात एकटे. मेलेल्या माणसासाठी मुलानं जी प्रार्थना म्हणायची, तिला दहा पुरुष लागतात, यहुदी पुरुष. नांदेड-परभणी पालथं घातलं तरी दहा कुठून मिळणार? म्हणून त्यांनी मारुतीच्या देवळात दहा जण बसवले. माणसांचा आकडा म्हणायचा नाही, अशी त्यांची रीत. त्यांच्या पोथीत दहा शब्दांची एक ओळ आहे, तिच्यानं माणसं पुरी करायची. आणि आईची ती मलिद्याची चाल त्यांनी किसनदादाच्या शब्दांवर बसवली.

म्हणजे इतकी वर्षं आमचं भजनी मंडळ दर गुरुवारी अलिबागच्या एका बाईचा दुखवटा धरत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता! मला हसावं की रडावं कळेना.

"हे आमच्यात चालत नाय, मला माहिताय," मास्तर म्हणाले. "देवळात बसून, पेटी वाजवून, दुसऱ्या देवाच्या दारात. पण तिची चाल तेवढी मी मोडू दिली नाय गो. बाकी सगळ्या चालींची लोकांनी वाट लावली. ही एक मी सुईच्या टोकाएवढीपण हलू दिली नाय. आता रिबका येतेय. तिनं एकदा ऐकावी आणि म्हणावं, व्हय, हीच. म्हणजे मी सुटलो. आईला सोडली, पण तिचं गाणं नाय सोडलं, एवढं तरी झालं."

रिबकामावशीचा फोन त्यांच्या सणाला वर्षाकाठी आमच्या घरी यायचा, आणि गुडघे चालतायत तोवर एकदा येऊन जाते असं ती म्हणाली होती. ती खरंच आली. बरोबर तिचा मुलगा, मराठीचा गंध नसलेला, सारखा मोबाईलवर नकाशा बघणारा. मावशींचं मराठी मात्र त्या निरोपाच्या दिवशी होतं तिथंच थांबलेलं. मोटारीतून उतरल्या आणि भावाला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, "एलोजी, मेल्या, हाडं उरली रे नुसती!" मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून जे रडले, ते बघून माझ्या आईनं चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं.

वार गुरुवार होता, मास्तरांनीच तसा धरलेला. देवळापुढच्या ओट्यावर मावशींसाठी खुर्ची टाकली. त्या दिवशी मास्तरांनी शर्टाला इस्त्री केली होती. किसनदादानं पखवाजाला नवी कणीक लावली. शेवटचं भजन सुरू झालं तेव्हा मास्तर पेटीकडं बघतच नव्हते. डोळे बहिणीच्या तोंडावर. ती दुसरी ओळ वर गेली, वरच थांबली, आणि मावशी मान डोलवत होत्या, कुणाच्याही चांगल्या गाण्याला डोलवतात तशी.

"ओळखलंस?" मास्तरांनी विचारलं.

"काय रे?"

"आईची गो. मलिद्याची."

मावशी गोंधळल्या. माझ्याकडं बघितलं, परत त्यांच्याकडं. "नाय रे एलोजी. ही कुठं आईची? आई कुठं एवढी गाणारी होती? ती आपली बोलल्यासारखं म्हणायची."

"म्हणून दाखव."

"इथं लोकांत नको. उद्या. दिवे लावल्यावर."

शुक्रवारी मावशींनी दुपारीच पोहे भिजवले, गूळ-खोबरं घातलं, केळी, सफरचंद मांडलं. दिवे लागले. मी मोबाईल पुढं केला, तर मावशींनी बोट हलवून ठेवायला लावला. दिवे लागल्यावर त्यांना ते यंत्र चालत नाही. मग ताटावर हात ठेवून त्यांनी म्हटलं. तीन सुरांत सगळं. ना चढ, ना उतार. तांदूळ निवडता निवडता बाई स्वतःशी बोलते तसं. दोन मिनिटांत संपलंसुद्धा.

मास्तरांना ते ऐकल्याबरोबर पटलं. हेच आईचं होतं. त्यांच्या तोंडावरून मला ते दिसलं. बातमी आली त्या दिवशी त्या तीन सुरांत त्यांच्या हातांनी काहीतरी घातलं असणार. मग पुढच्या गुरुवारी आणखी काही. दुःख होतं, आणि हात चाली बांधणाऱ्याचे होते. ते राखण करत बसले होते ते स्वतःच बांधलेल्या चालीची.

"पण चांगलीय रे तुझी चाल," मावशी त्यांचा हात कुरवाळत म्हणाल्या. "आईच्यापेक्षा चांगली."

याहून वाईट त्या दुसरं काही बोलूच शकल्या नसत्या. रविवारी त्या निघाल्या. "चल माझ्याबरोबर, शेवटचे दिवस माझ्याकडं काढ," म्हणाल्या. मास्तरांनी त्यांची पिशवी मोटारीत नेऊन ठेवली. नंतर मला म्हणाले, "पुढच्या खेपेला येतो असं म्हणवेना. ते मी एकदा म्हटलंय."

मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता. चाल मास्तरांचीच! मी त्या पुण्याच्या पोराला फोनवरून असं झाडलं की त्यानं त्याच दिवशी बदल केला. "गीत : किसन. चाल : एलिया वावेकर." ते मी मावशींच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवलं, आणि नाचत जाऊन मास्तरांना दाखवलं. त्यांनी मोबाईल डोळ्यांपाशी नेला, नावावरून अंगठा फिरवला, त्यानं पडद्यावर भलतंच काही उघडलं, आणि त्यांनी तो मला परत दिला.

"एकदा चालींपायी आईला सोडली," ते म्हणाले. "आता चालीनंच खाल्ली तिला. नाव आलं गो माझं. नाव आलं."

त्यानंतर त्यांनी पेटी वाजवली नाही. गुरुवारी येत, पण भिंतीला टेकून बसत. किसनदादा सगळ्या तोंडांकडं बघून म्हणे, "मास्तर, पुरे झाले की वो सगळे. काढा पेटी." हे हात हलवत. "तुमी म्हणा रे. तुम्हाला येतं." दिवसभर खोलीतून एक गुणगुण ऐकू यायची. सुरू व्हायची, मध्येच तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणायची, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. मला माहीत होतं काय चाललंय ते. रिबकामावशीचे ते तीन सूर ते धरायला बघत होते, आणि दुसऱ्या ओळीला त्यांचीच चाल वर उसळून यायची.

मग अंथरूण धरलं. एकदा दुपारी मला जवळ बोलावलं. "बाय, तुला आठवतं काय गो, रिबकानं म्हटलेलं? मला येईना झालंय."

मी सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला माझा गळा आपोआप वर गेला, लहानपणापासून दर गुरुवारी जातो तिथं. मी थांबले. पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

"मास्तर, थांबा, मावशींना फोन लावते. म्हणायला लावते त्यांना. आज मंगळवारच आहे, चालेल त्यांना."

त्यांनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद कुठून आली देव जाणे. "नको. एकदा हरवली हे कळलंय तिला. दोनदा हरवली हे नको कळू दे." मला रडू फुटलं. तेच मला थोपटत राहिले.

ते गेले तेव्हा जाळायचं की पुरायचं यावर गल्लीत कुजबुज झाली. मी सांगितलं, पुरायचं. लिंगायत समाजाच्या लोकांनी त्यांच्या जागेत कोपरा दिला, कुणी हूं की चूं केलं नाही. किसनदादानं धाय मोकलली. मंडळानं उभ्यानं भजन म्हटलं, पेटीशिवाय, पखवाजाशिवाय, आणि मीही बायकांतून पुढं होऊन म्हटलं.

संध्याकाळी मावशींना फोन केला. बराच वेळ त्या रडल्या. कुणी काय म्हटलं, पुरताना तोंड कुठल्या दिशेला केलं, सगळं विचारून घेतलं. मग मला राहवलं नाही. मास्तरांनी सांगितलेलं मी मोडलं नाही. ते विसरले होते हे सांगितलं नाही. मी एवढंच म्हणाले, "मावशी, ती तुमच्या आईची मलिद्याची चाल एकदा म्हणता? मला शिकायचीय."

त्यांनी नाक पुसल्याचं ऐकू आलं. मग त्या म्हणू लागल्या. पहिली ओळ तीन सुरांत, बोलल्यासारखी. दुसऱ्या ओळीला त्यांचा म्हातारा आवाज थरथरत वर गेला, आणि वरच थांबला. त्यांच्या कुठंच काही लक्षात आलं नाही. शेवटपर्यंत त्यांनी मास्तरांचीच चाल म्हटली.

"हीच गो," मावशी म्हणाल्या. "आई अश्शीच म्हणायची."

मी हो म्हणाले.